सहलीची रंगीत तालीम

कुत्र्याचं नाव बोका. हसा खुशाल, सगळेच हसतात. पिल्लू असताना तो दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना रंगेहाथ सापडला आणि मॅनेजरच्या आईनं त्याला तिथल्या तिथे हे नाव ठेवून टाकलं. पुढे तो वाढून वासराएवढा झाला, पण नाव बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. तर हा बोका, मॅनेजरनं माळ्यावरून मोठी सुटकेस खाली ओढून उघडली त्या दिवशी, सरळ तिच्यात जाऊन बसला आणि असा काही रडायला लागला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात गोळा झाली. कोणी गेलं का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मॅनेजर खजील झाला. कोणी गेलेलं नाही, आम्हीच जाणार आहोत, सहलीला, असं त्यानं सांगितलं.

मॅनेजर म्हणजे नाट्यगृहातला मॅनेजर. पडदा कधी वर जायचा, टेबलावर कुठला पेला हवा, कोणी कुठल्या विंगेतून आत यायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. उभा जन्म विंगेतल्या अंधारात गेल्यामुळे त्याची एक पक्की समजूत होती, की तालीम केल्याशिवाय जगात काहीही धड होत नाही. स्वतःच्या लग्नाचीसुद्धा त्यानं तालीम घेतली होती. त्याची बायको अजून ती गोष्ट चारचौघांत सांगते आणि तो अजूनही म्हणतो, पण प्रसंग बिनचूक झाला की नाही?

बायको चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काचा बदलत राहायची, आणि संध्याकाळी येऊन घरचं बघायची. तिला समुद्र बघायचा होता. बरीच वर्षं बघायचा होता. दरवेळी मॅनेजरचं नवीन नाटक आडवं यायचं. यंदा मात्र तिनं शांतपणे सांगितलं होतं, की या वेळी तू नाही आलास तर मी एकटी जाईन, आणि परत येईनच असं धरून चालू नकोस. बाई गरजणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे मॅनेजर घाबरला. तिकिटं काढली, समुद्राकाठची खोली ठरवली. खोलीवाल्यांनी एकच अट घातली, कुत्रा चालणार नाही.

आणि आई? आईला विचारलं होतं, अगदी पहिल्यांदा तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, समुद्र मी पाहिलाय, खारट असतो. एकटी राहशील का, तर म्हणाली, मी तुझ्याआधी जन्मले आहे, तू नव्हतास तेव्हाही राहतच होते. या बाईच्या तोंडाला कोण लागणार? जीभ अशी की समोरच्याला चितपट करून वर पाणी विचारावं. फक्त एक अट तिनंही घातली. तो कुत्रा घरात नको. मी एकटी राहते, पण त्याला कुठेतरी ठेवून जा. मेला माझ्या जिवावर उठलाय.

यातही खोटं काही नव्हतं. गेले कित्येक महिने बोक्यानं आईच्या चपलांचा फडशा पाडला होता. बाकी कोणाच्या चपलेला तोंड लावत नसे, फक्त तिच्या. बाहेरचं दार आतल्या बाजूनं नखांनी ओरबाडून त्याचा रंग घालवला होता. आईच्या घरातल्या झग्याचा घेर दोनदा दातांनी फाटला होता. मुलगा-सून कामावर गेले की हा दिवसभर हेच उद्योग करतो, असं आई सांगायची आणि संध्याकाळी चपलेचा तुकडा पुरावा म्हणून पुढे करायची. बोका खाली मान घालून ऐकून घ्यायचा. मॅनेजर त्याला रागवायचा. एकदा तर त्यानं त्याला रात्रभर गच्चीत बांधून ठेवलं होतं.

तेव्हा ठरलं, बोक्याला कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवायचं. पण सुटकेस दिसली की रडणारा कुत्रा हॉस्टेलात कसा राहणार? मग काय, मॅनेजरनं तालमी लावल्या. बायकोनं कपाळाला हात लावला, पण नाइलाज होता. रोज संध्याकाळी दोघांनी प्रवासाचे कपडे चढवायचे, सुटकेस भरून घ्यायची, आईला ‘येतो’ म्हणायचं, दार ओढून घ्यायचं, चौकापर्यंत जाऊन परत यायचं. सुटकेस रिकामी चालणार नाही, कुत्र्याला वजन कळतं, असा मॅनेजरचा हट्ट. शेजारीपाजारी बघत. हे जोडपं रोज घर सोडून जातं आणि रोज समेट करून परत येतं, असा एकानं तर्क लढवला होता. आई खिडकीतून सगळं बघायची आणि ते परत आले की विचारायची, ‘झाली का तुमची नाटकं?’ दोघं हसायची.

तालमींचा गुण आला. बोका रडायचा थांबला. सुटकेस दिसली की उठायचा आणि गुपचूप दाराशी जाऊन बसायचा. मॅनेजरची छाती फुगली.

हॉस्टेलवाल्या बाई मात्र पक्क्या होत्या. फोनवरच त्यांनी सांगितलं, की कुत्रा घरी मागे राहिल्यावर काय करतो त्याचा व्हिडिओ मला दाखवा, तो बघितल्याशिवाय मी कोणाला आत घेत नाही. मालक सांगतात ते सगळं बघून सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरला बाई एकदम आवडल्या. शेवटच्या दिवशी त्यानं रंगीत तालीमच केली. जुना फोन पुस्तकांच्या फळीवर दाराकडे तोंड करून टेकवला, त्यावर व्हिडिओ चालू केला, आणि या वेळी चौकाऐवजी पार स्टेशनपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. आईला फोनबद्दल सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटलं. परत आल्यावर त्यानं व्हिडिओची सुरुवात तेवढी बघितली. दार बंद झालं, बोका दाराला आडवा झाला, मान पंजांवर टेकवली. ‘बघ, झोपला!’ असं म्हणत त्यानं फोन बायकोच्या नाकासमोर नाचवला आणि बंद करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बोक्याला घेऊन हॉस्टेलात गेली. एक दिवस ठेवून बघायचं, संध्याकाळी न्यायचं, असं बोलणं झालं होतं. जागा छान होती. धुतलेली फरशी, प्रत्येकाला वेगळा कोनाडा, मागे मोठं अंगण. बोक्याला आत नेलं तेव्हा त्यानं चारी पाय रोवले. तालमीत न केलेली गोष्ट. मॅनेजरनं ओढलं, बायकोनं ढकललं, शेवटी बाईंच्या माणसानं त्याला उचलून नेलं. बोका रडला नाही, भुंकायला लागला. एकसारखा, थांबता थांबेना.

बाईंनी टेबलावर चष्मा शोधला, नाकावर चढवला आणि व्हिडिओ मागितला. मॅनेजरनं ऐटीत फोन पुढे केला आणि खुर्चीत मागे रेलला. बाई बोटानं व्हिडिओ पुढे सरकवत होत्या. मधेच थांबल्या. मागे नेला, पुन्हा बघितला. त्यांचा चेहरा बदललेला बायकोला आधी दिसला. तिनं विचारलं, की काय केलंय त्यानं, काही फाडलंय का? बाईंनी फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

पडद्यावर त्यांचीच बाहेरची खोली. दारात आडवा बोका. आणि आतून आई येत होती. अंगात बाहेर जायचा कोट, बटणं एकाआड एक चुकलेली, खांद्याला पर्स, पायात चपला. घाईघाईनं येत होती. ‘आले रे, आले. खाली व्हा तुम्ही, जिन्यात उभे राहू नका. गाडी सुटेल.’

मॅनेजर पुढे झुकला. ती कोणाशी बोलतेय?

आई दारापाशी आली आणि बोक्याला ऊठ म्हणाली. तो उठला नाही. तिनं त्याच्यावरून वाकून कडीला हात घातला, तेव्हा तो उभा राहिला आणि डोक्यानं तिला मागे रेटू लागला. हळूहळू, पडणार नाही अशा बेतानं. ती ओरडली, तिनं त्याला पर्सनं मारलं. त्यानं तिच्या झग्याचा घेर दातात धरला. मग खाली बसून तिच्या पायातली चप्पल ओढून काढली आणि छातीखाली घेऊन पुन्हा दाराला आडवा झाला. आई एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली. मग कोट काढला, खुंटीला लावला, आत गेली.

थोडा वेळ नुसतं दार आणि कुत्रा. मग पुन्हा आई. पुन्हा तोच कोट, पुन्हा चुकलेली बटणं. ‘आले रे, आले. खाली व्हा तुम्ही, जिन्यात उभे राहू नका.’ शब्द तेच, सूर तोच, घाई तीच. तिच्या लेखी मघाशी काही घडलंच नव्हतं.

बायकोचा हात तोंडावर गेला. मॅनेजरनं फोन उचलायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तिसऱ्यांदा आली तेव्हा आई दाराशी भांडली नाही. बोक्याशेजारी जमिनीवर बसली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘गेले रे. मला विसरून गेले.’ आणि रडली. जिनं नवऱ्याच्या मागे एकटीनं पोर वाढवलं आणि कोणाच्या देखत डोळ्याला पदर लावला नाही, ती बाई कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. तेवढ्यात किल्लीचा आवाज झाला. आई तटकन उठली, कोट खुंटीला, पर्स खुर्चीखाली, हातात वर्तमानपत्र. दार उघडलं. सुटकेस घेतलेला मॅनेजर पडद्यावर आत आला. ‘झाली का तुमची नाटकं?’ आई म्हणाली. आणि पडद्यावरचा मॅनेजर हसला.

हे हसणं त्याला बघवेना.

काय सांगायचं, या माणसाचा धंदाच हा होता. वाक्य विसरलेला नट विंगेतून त्याला लांबूनही ओळखू यायचा. नट काय करतो? खोकतो, पेला उचलतो, चष्मा पुसतो, नाहीतर समोरच्यावरच ढकलतो, ‘तुम्हीच सांगा ना.’ प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, मॅनेजरला लागतो. आणि घरात काय चाललं होतं? आज वार कुठला विचारलं की आई म्हणायची, एवढा मोठा घोडा झालास, तूच सांग बघू. जेवलीस का, तर म्हणायची, माझ्या तोंडाकडे बघून कळत नाही? सुनेची बहीण येऊन गेली त्या दिवशी तिला नावानं हाक न मारता ‘ये गं महाराणी’ म्हणाली होती आणि सगळे हसून लोळले होते. किती तरी महिने ती अशी वेळ मारून नेत होती, ताकास तूर लागू देत नव्हती, आणि हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

आतून बोक्याचं भुंकणं अजून चालू होतं. हॉस्टेलवाल्या बाईंनी चष्मा काढला.

‘आत्ता घरी कोण आहे?’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळी निघताना आई खिडकीत उभी होती. दोघांच्या हातात बोक्याचं सामान, त्याची गादी, त्याचा खाऊ, पिशवी भरलेली. तिनं हात हलवला होता.

पुढचं मॅनेजरला नीट आठवत नाही. बोक्याला कोणी सोडलं, टॅक्सी कोणी थांबवली, टॅक्सीवाल्यानं कुत्रा आत घ्यायला नाही म्हटलं तेव्हा बायको त्याला काय बोलली, काही म्हणजे काही नाही. बायको सारखी घरचा फोन लावत होती आणि तो वाजून वाजून बंद होत होता. सिग्नलला गाडी थांबली की मॅनेजर दार उघडायला जायचा आणि बायको त्याचं मनगट धरायची.

घराचं दार सताड उघडं होतं. खुंटीवर कोट नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे वरपासून खालपर्यंत, आणि त्या ओरखड्यांकडे बघून मॅनेजरला गच्चीतली ती रात्र आठवली. बायकोनं सगळ्या खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, पलंगाखालीसुद्धा बघितलं, तिचं तिलाच कळत नव्हतं ती काय करतेय. खालच्या मजल्यावरच्या माणसानं सांगितलं, की हो, बघितलं ना त्यांना, मघाशीच गेल्या, मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या तूच सांग बघू. तो हसत होता. बायको त्याच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेली.

रस्त्यावर आल्यावर मॅनेजर डावीकडे पळाला, बायको उजवीकडे. त्यानं पानाच्या, पावाच्या, पुस्तकांच्या दुकानात डोकावून बघितलं, आणि प्रत्येक ठिकाणी आईचं वर्णन करताना त्याची जीभ अडखळली. कोट कुठल्या रंगाचा? रोज खुंटीवर बघत होता, सांगता येईना. मोटारींचे हॉर्न कानात घुसत होते. एक ट्रक करकचून ब्रेक लावून थांबला तेव्हा त्यानं डोळेच मिटले. उघडले तर कोणी शाळकरी पोरगा रस्ता ओलांडून जात होता. तेवढ्यात बायकोची हाक आली. नावानं नाही, नुसतीच मोठी हाक.

आई बसस्टॉपवर बसली होती. कोट घातलेला, पर्स मांडीवर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बोका आधीच तिच्यापर्यंत पोचला होता आणि तिच्या दोन्ही पायांवर आडवा पडून धापा टाकत होता. मॅनेजर धावत येऊन समोर उभा राहिला. त्याला दम लागला होता.

‘किती उशीर?’ आई म्हणाली. ‘मी केव्हाची थांबलेय.’

‘कुठे निघालीस, आई?’

‘आता मीच सांगू? तूच सांग बघू.’

मॅनेजर या वेळी हसला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तिला ते कळलं. तिची नजर त्याच्यावरून सुनेकडे गेली. सून रडत होती. आईनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

‘कळलं वाटतं तुम्हाला,’ ती म्हणाली.

सून तिच्या शेजारी बसली. कधीपासून होतंय असं, असं तिनं विचारलं.

‘ते आठवलं असतं तर आणखी काय हवं होतं?’ आई म्हणाली. सुनेला हसू आलं आणि त्या हसण्यानं तिला अजूनच रडू फुटलं. मॅनेजर फुटपाथच्या कडेला मटकन बसला. बस आली, माणसं चढली, उतरली. ड्रायव्हरनं यांच्याकडे बघितलं, सुनेनं हातानंच नको म्हणून सांगितलं.

आई बोक्याच्या कानामागे खाजवत होती. याला घालवून द्या म्हणत होते मी, असं ती हळूच म्हणाली, कारण यालाच तेवढं सगळं ठाऊक होतं. हा घरात असेपर्यंत आज ना उद्या तुमच्या लक्षात आलं असतं. चपला कुरतडायचा ना, मी ते तुकडे तुम्हाला दाखवायचे. याला शिव्या बसल्या की मला बरं वाटायचं. तुम्ही याला गच्चीत बांधलंत तेव्हा मला झोप लागली नाही. मग सकाळी तेही विसरले असेन.

‘मला का नाही सांगितलंस?’ मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

‘काय सांगू? कुत्रा रडला, तर तुम्ही त्याच्यासाठी महिनाभर सुटकेस उचलून चौकापर्यंत फिरलात. मी रडले असते तर तुम्ही सहल मोडली असती. हिला किती वर्षांनी समुद्र दिसणार होता, ते मला माहीत आहे. तेवढं मी विसरले नव्हते.’

सुनेनं तिचा हात धरला. समुद्र काही पळून जात नाही, असं ती म्हणाली, आणि तुम्ही येणार असाल तरच मी जाणार. खोलीवाल्यांना सांगू, दुसरी खोली बघू, कुत्रा चालेल अशी. नाही मिळाली तर नाही जायचं. ती हे सगळं भराभर बोलत होती. मॅनेजरनं मान हलवली. त्याला एरवी अशा वेळी पुढचं सगळं दिसायचं, कोणी कुठे उभं राहायचं, काय बोलायचं. आत्ता काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आईनं कोटाची चुकलेली बटणं बघितली आणि एकेक करून सोडायला घेतली. मॅनेजर उठला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि खालून वर, एकेक बटण नीट लावत गेला. तिनं लावू दिलं. वरच्या बटणापाशी त्याचा हात आला तेव्हा तिनं तो धरला.

‘मला हे परत सांगावं लागेल, हं. मी पण येणार आहे ते. उद्या सांगावं लागेल. परवा पण.’

‘सांगू, आई.’

‘आणि चिडायचं नाही.’